फोरेन्सिक नर्सिंग : पाटी नाही, काम मात्र रोजचं

क्राइम सीरिज बघून फोरेन्सिकच्या प्रेमात पडलेले आणि बारावीनंतर नर्सिंगला गेलेले, अशा दोघांनाही हा शब्द खुणावतो. पगार किती, डिग्री कुठली आणि मुळात आपल्याकडे अशी नोकरी आहे का, याचा हा सरळ हिशोब.

‘फोरेन्सिक नर्स सॅलरी’ असं सर्च करून बघा. समोर डॉलरच डॉलर येतात. मनातल्या मनात गुणाकार सुरू होतो आणि आपण आई-बाबांना सांगायला निघतोसुद्धा. मग कुणीतरी विचारतं, ‘अगं, पण इथे कुठल्या हॉस्पिटलात असते ही नर्स?’ आणि आपली गाडी तिथेच अडते.

प्रश्न अगदी बरोबर आहे. महाराष्ट्रातल्या सरकारी भरतीच्या जाहिराती काढून बघा. ‘अधिपरिचारिका’ दिसेल, ‘परिसेविका’ दिसेल, फोरेन्सिक लॅबमधली पदं दिसतील. ‘फोरेन्सिक नर्स’ नावाचं पद शोधत बसलात, तर हात रिकामेच राहतील. म्हणजे हे करिअरच नाही का? थांबा. पाटी नाही म्हणून काम नाही, असं नसतं. हे काम आपल्या प्रत्येक कॅज्युअल्टीत रोज रात्री होतं. फक्त ते करणाऱ्याला बऱ्याचदा माहीत नसतं की आपण ते करतोय. आणि खरी गडबड तिथेच होते.

कात्रीचा एक कट

समजा, तालुक्याच्या गावातलं रुग्णालय आहे. रात्रीचा दीड वाजलाय. चाकूचा वार लागलेला एक तरुण आणला जातो. सिस्टर धावतात, शर्ट कापतात, ड्रेसिंग करतात, सलाइन लावतात. शर्ट रक्तानं ओला आहे, तो कुणीतरी प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून कोपऱ्यात ठेवतं. सकाळी पोलीस येतात, पिशवी घेऊन जातात. पेशंट वाचतो. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलेलं असतं.

आता हीच केस दोन-तीन वर्षांनी कोर्टात उभी राहते. आरोपीचा वकील विचारतो, शर्टावरचं भोक चाकूचं की कात्रीचं? कारण कात्री नेमकी त्या भोकातूनच फिरलेली असते. ओल्या कपड्याला प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते आणि रक्तातला डीएनए खराब होतो. पुढचा प्रश्न, रात्री दीड ते सकाळी नऊ ती पिशवी कुणाच्या ताब्यात होती? याचं उत्तर कुठल्याच कागदावर नसतं.

फोरेन्सिक नर्सिंग म्हणजे हे प्रश्न दीड वाजताच माहीत असणं. कपडा भोकाच्या बाजूनं कापायचा, भोकातून नाही. ओला कपडा हवेवर वाळवायचा आणि कागदी पिशवीत ठेवायचा. सील लावायचं, लेबलवर तारीख, वेळ, सही. पिशवी दुसऱ्याच्या हातात देताना घेणाऱ्याची सही घ्यायची. या सह्यांच्या मालिकेला ‘चेन ऑफ कस्टडी’ म्हणतात, म्हणजे पुराव्याची साखळी. एक कडी निसटली की सगळ्या पुराव्यावर शंका घेता येते. आणि हे सगळं जीव वाचवण्याच्या आड येऊ द्यायचं नाही. आधी पेशंट, मग पुरावा. हा क्रम कधीच बदलत नाही.

यात फक्त मारामारी आणि लैंगिक अत्याचार येतात असंही नाही. कीटकनाशक प्यायलेल्या पेशंटचं पोट धुतल्यावर निघालेलं द्रव्य जपून ठेवणं, ‘स्टोव्हचा भडका उडाला’ असं सासरची मंडळी सांगत असताना भाजलेल्या बाईचे स्वतःचे शब्द जसेच्या तसे टिपणं, लहान मुलाच्या अंगावरचे वेगवेगळ्या दिवसांचे वळ ओळखणं, वृद्ध पेशंटच्या मनगटावरचे व्रण ‘पडले असतील कुठेतरी’ म्हणून सोडून न देणं, हे सगळं यात येतं. जिथे उपचार आणि कायदा यांची गाठ पडते, तिथे ही नर्स उभी असते. हॉस्पिटलच्या भाषेत सांगायचं तर, ज्या केसपेपरवर ‘एमएलसी’चा शिक्का पडतो, ती प्रत्येक केस तिची.

‘जखमा नाहीत’ या नोंदीचं वजन

एका नोंदीनं काय होतं, हे महाराष्ट्राला चांगलं माहीत आहे. १९७२ सालचं मथुरा प्रकरण तुमच्यापैकी लॉ करणाऱ्यांनी वाचलं असेल. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं आणि आता गडचिरोलीत असलेलं देसाईगंज. तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. वैद्यकीय तपासणी झाली ती सुमारे वीस तासांनी. अंगावर जखमा नाहीत, अशी नोंद झाली. पुढे सुप्रीम कोर्टानं दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं आणि त्यात जखमा नसणं हा मोठा मुद्दा ठरला. त्या निकालावर देशभर संताप उसळला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०१४ मध्ये लैंगिक अत्याचारग्रस्तांच्या तपासणीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. जखम नसणं म्हणजे संमती असणं नव्हे, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. भीतीनं गोठलेली व्यक्ती प्रतिकार करत नाही, हे आता वैद्यकशास्त्रानं मान्य केलेलं आहे. ‘टू फिंगर टेस्ट’ करायची नाही हेही त्यात आहे. सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये तेच बजावलं.

याच सूचनांमधल्या काही गोष्टी प्रत्येक नर्सिंग स्टुडंटला पाठ हव्यात. उपचारासाठी पोलिसांचं पत्र लागत नाही. उपचार मोफत द्यायचे आणि नाकारले तर तो गुन्हा ठरतो. १२ वर्षं पूर्ण झालेली व्यक्ती तपासणीसाठी स्वतः संमती देऊ शकते आणि तपासणीच्या कुठल्याही टप्प्याला नाही म्हणू शकते. नाही म्हटलं तरी उपचार थांबवता येत नाहीत. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत. गर्भधारणा टाळण्याची गोळी जितकी लवकर तितकी चांगली. म्हणजे घड्याळ पोलिसांचंही चालू असतं आणि पेशंटच्या शरीराचंही. कॅज्युअल्टीच्या दारात त्या मुलीला सगळ्यात आधी बऱ्याचदा सिस्टरच भेटतात. ‘बस इथे, पाणी घे’ म्हणणारं माणूस आणि ‘थांब, आधी चौकीत जा’ म्हणणारं माणूस, या दोघांतला फरक तिच्यासाठी पुढची सगळी वर्षं ठरवू शकतो.

कायदा सही कुणाची मागतो?

आता कडू गोष्ट. अमेरिकेत ही तपासणी प्रशिक्षित नर्स स्वतः करते, रिपोर्ट लिहिते, कोर्टात साक्ष देते. आपल्याकडे कायदा वेगळा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८४ नुसार अत्याचारग्रस्त महिलेची तपासणी नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकानं, म्हणजे डॉक्टरनंच करायची असते. जुन्या कायद्यातल्या कलम १६४अ मध्येही तेच होतं. पॉक्सो कायद्यानुसार मुलीची तपासणी महिला डॉक्टरनं करायची असते. म्हणजे रिपोर्टवर सही डॉक्टरची.

मग नर्सचं काय? तपासणीच्या वेळी हजर राहणं, पेशंटला प्रत्येक पायरी समजावून सांगणं, नमुने घ्यायला मदत करणं, ते वाळवणं, सील करणं, नोंद ठेवणं, औषधं देणं, समुपदेशकाला बोलावणं आणि पेशंट पुढच्या तपासणीला परत येईल हे बघणं. सही सोडली तर यातली बरीच जबाबदारी तिच्यावरच येते. पण स्वतंत्र पद नाही आणि स्वतंत्र भत्ता नाही. या फील्डमध्ये यायचं असेल, तर हे आधी पचवून या. नंतर ‘आम्हाला कुणी सांगितलंच नाही’ असं व्हायला नको.

शिकायचं काय आणि कुठे?

पाया एकच, नर्सिंग. फोरेन्सिक सायन्सची डिग्री घेऊन फोरेन्सिक नर्स होता येत नाही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थांमधून बाहेर पडणारी मुलं लॅबकडे जातात. पेशंटच्या अंगाला हात लावायचा असेल, तर नर्सिंग काउन्सिलची नोंदणी हवी.

बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं आहे. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं, खुल्या गटासाठी किमान ४५ टक्के. महाराष्ट्रात सीईटी सेलची वेगळी परीक्षा असते. जीएनएम तीन वर्षांचं, त्याला बारावीची कुठलीही शाखा चालते. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून डिग्रीपर्यंत येता येतं. शिकून झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलकडे नोंदणी. मुलग्यांनो, हे तुमच्यासाठीही आहे. वॉर्डात ‘ब्रदर’ म्हणून हाक मारतात आणि कामाला कुणी कमी लेखत नाही.

खरी बातमी मात्र पुढे आहे. इंडियन नर्सिंग काउन्सिलनं २०२१ मध्ये बी.एस्सी.चा अभ्यासक्रम बदलून सेमिस्टर पद्धत आणली, तेव्हा पाचव्या सेमिस्टरला एक नवा विषय आला. ‘इंट्रोडक्शन टू फोरेन्सिक नर्सिंग अँड इंडियन लॉज’. फक्त २० तासांचा. एका क्रेडिटचा असल्यामुळे परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्स झेरॉक्स करून उरकावा असं वाटणारा विषय. पण आज देशातला बी.एस्सी. नर्सिंगचा प्रत्येक विद्यार्थी हा शब्द शिकतोय, ही छोटी गोष्ट नाही. या २० तासांना झोपू नका.

पुढे स्पेशलायझेशन करायचं असेल, तर केंद्र सरकारचं राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ गांधीनगरला आहे आणि त्याचा एक कॅम्पस गोव्यात आहे. प्रवेशाची माहितीपुस्तिका उघडा आणि कुठल्या कोर्सला नर्सिंगची पदवी चालते ते तपासा. ऑनलाइन ‘सहा आठवड्यांत फोरेन्सिक नर्स व्हा’ अशा जाहिराती दिसल्या, तर फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारा, हे सर्टिफिकेट कुठल्या नोकरीच्या जाहिरातीत मागितलंय? समोरून गोलमाल उत्तर आलं, तर पैसे खिशात ठेवा. ज्ञानासाठी कोर्स करायला हरकत नाही, पण नोकरीच्या आशेनं कर्ज काढून नको.

पगाराचा खरा आकडा

वेगळं पद नाही, म्हणजे वेगळा पगारही नाही. पगार नर्सचा. तो असा.

महाराष्ट्र सरकारच्या अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी सातव्या वेतन आयोगानुसार ३५,४०० ते १,१२,४०० रुपये. हे मूळ वेतन, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता वेगळा. एम्ससारख्या केंद्रीय संस्थांत ‘नर्सिंग ऑफिसर’ लेव्हल ७ ला लागतो, तिथे मूळ वेतन ४४,९०० पासून. त्यासाठी एम्स दिल्लीची ‘नॉरसेट’ परीक्षा द्यावी लागते. बी.एस्सी. झालेल्यांना अनुभवाची अट नाही, जीएनएमवाल्यांना किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलचा दोन वर्षांचा अनुभव लागतो. ८० टक्के जागा महिलांसाठी असतात, हे ब्रदरमंडळींनी लक्षात ठेवून तयारी करावी.

राष्ट्रीय आरोग्य अभियानातली कंत्राटी नर्स महिन्याला २० हजारांच्या आसपास सुरू करते. प्रायव्हेटचं गणित हॉस्पिटलगणिक बदलतं. सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या तज्ज्ञ समितीनं प्रायव्हेट नर्सच्या पगाराची शिफारस केली होती. २०० पेक्षा जास्त खाटांच्या हॉस्पिटलात राज्य सरकारच्या नर्सइतकाच पगार आणि ५० पेक्षा कमी खाटा असतील तरी किमान २० हजार. शिफारस ती शिफारसच राहते, हे वॉर्डात काम करणाऱ्या कुठल्याही ताईला विचारा. पण इंटरव्ह्यूला जाताना हा आकडा डोक्यात असलेला बरा.

मग या शिक्षणाचा पैशांत उपयोगच नाही का? आहे, पण आडवळणानं. मोठ्या हॉस्पिटलांना एमएलसीचं रेकॉर्ड नीट ठेवणारं माणूस हवं असतं, क्वालिटी विभागाला हवं असतं, आरोग्य विम्याचे दावे तपासणाऱ्या कंपन्यांना केसपेपर वाचता येणारी नर्स हवी असते. केंद्राच्या योजनेतली वन स्टॉप सेंटर २०१५ पासून सुरू झाली आहेत. मुंबईत बांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेनं २००० मध्ये ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. हॉस्पिटलात आलेल्या बाईच्या जखमेमागचा हिंसाचार ओळखायचा आणि तिला तिथेच आधार द्यायचा, हा त्यामागचा विचार होता. अशा ठिकाणी नर्सचा अनुभव सोन्यासारखा असतो. पाटीवर ‘फोरेन्सिक’ नसेल, काम तेच असेल.

डॉलरचं स्वप्न असेल तर

अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीनुसार मे २०२४ मध्ये रजिस्टर्ड नर्सचं मध्यम वार्षिक उत्पन्न ९३,६०० डॉलर होतं. हा आकडा सगळ्या नर्सचा आहे. त्या आकडेवारीत फोरेन्सिक नर्सचा वेगळा रकानाच नाही. त्यामुळे वेबसाइटवरच्या ‘फोरेन्सिक नर्स सॅलरी’कडे जरा सावधपणे बघा. शिवाय तिकडेही अनेक जणी हे काम पूर्णवेळ करत नाहीत. मुख्य नोकरी इमर्जन्सी विभागात आणि फोन वाजला की या कामाला धावायचं, ऑन कॉल. तिथे जायचं तर आधी एनसीएलईएक्स परीक्षा, मग लायसन्स, मग साधारण दोन वर्षांचा अनुभव, मग ४० तासांचं ‘सेन’ म्हणजे सेक्शुअल असॉल्ट नर्स एक्झामिनरचं ट्रेनिंग आणि प्रत्यक्ष सराव. शॉर्टकट नाही.

ब्रिटनचं वेगळंच. तिथे लैंगिक अत्याचारग्रस्तांसाठी खास केंद्रं आहेत, पहिलं मँचेस्टरला १९८६ मध्ये सुरू झालं. पोलीस कोठडीतल्या आरोपींची तब्येत बघणाऱ्या नर्सही असतात. पण ‘फोरेन्सिक नर्स’ अशी जाहिरात तिथे मानसिक आजार असलेल्या गुन्हेगारांच्या बंदिस्त हॉस्पिटलासाठीही असते. अर्ज करताना पदाचं नाव वाचून उडी मारू नका, कामाचं वर्णन वाचा.

आत्तापासून काय करता येईल?

पोस्टिंग कॅज्युअल्टीत लागलं की एमएलसी रजिस्टर कसं भरतात ते बघा. जखमेला नेमका शब्द वापरायला शिका. धारदार शस्त्राची जखम आणि बोथट वस्तूनं फाटलेली त्वचा यांना वेगवेगळी नावं आहेत, आणि कोर्टात त्या दोन शब्दांवर वेगवेगळे निष्कर्ष निघतात. पेशंट मराठीत बोलली, तर तिचे शब्द मराठीतच अवतरणात लिहा. ‘पेशंट क्लेम्स’ असं लिहू नका, ‘पेशंटनं सांगितलं’ असं लिहा. पहिल्यात अविश्वास डोकावतो. २०१४ च्या मार्गदर्शक सूचना एकदा अख्ख्या वाचा. सत्र न्यायालयात एखादा दिवस मागच्या बाकावर बसून डॉक्टरची उलटतपासणी ऐका. खुल्या कोर्टात बसायला बंदी नसते, पण पॉक्सो आणि बलात्काराचे खटले बंद दाराआड चालतात, तिकडे जाऊ नका.

आणि स्वतःकडेही लक्ष द्या. हे काम मनावर बसतं. रात्री जे ऐकलं ते सकाळी डब्यासोबत घरी येतं. बोलायला एक विश्वासाची मैत्रीण, एक सीनियर असायलाच हवी. साक्षीचं समन्स कदाचित चार वर्षांनी येईल, तोवर तुमची बदलीही झाली असेल. तेव्हा तुम्हाला आठवेल ते फक्त त्या रात्री तुम्ही लिहिलेलं.

जाता जाता एक तारीख सांगते. अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये नर्सनी अशी तपासणी करायला सुरुवात केली १९७६ मध्ये. तेव्हा तिथेही पद नव्हतं, कोर्स नव्हता, पगार नव्हता. अत्याचार झालेल्या बायका इमर्जन्सीत तासन्‌तास ताटकळत बसायच्या, ते बघवत नव्हतं म्हणून नर्सनी काम हातात घेतलं. १९९२ मध्ये ७४ नर्स मिनियापोलिसला एकत्र आल्या आणि त्यांनी संघटना स्थापन केली. व्हर्जिनिया लिंच तिच्या पहिल्या अध्यक्षा. अमेरिकन नर्सेस असोसिएशननं या कामाला स्पेशालिटी म्हणून मान्यता दिली १९९५ मध्ये. कामाला सुरुवात झाल्यापासून पाटी लागेपर्यंत १९ वर्षं गेली.

आपल्याकडे पाचव्या सेमिस्टरचा तो विषय येऊन अजून काहीच वर्षं झालीत. तो शिकून बाहेर पडलेल्या पहिल्या बॅचेस आत्ता कुठे वॉर्डात उभ्या राहतायत. पाटी कधी लागेल ते सरकार ठरवेल. पण आज रात्री दीड वाजता तो शर्ट कुठून कापायचा, हे तुम्हीच ठरवणार आहात.